पुण्याहून सह्याद्रीच्या घळी-नाळा बघायला निघताना

पुण्याहून पश्चिमेला दीड-दोन तास गाडी हाकली की घाटमाथा एकाएकी संपतो आणि खाली कोकण दिसायला लागतं. हा काठ सलग नाही. पावसाच्या पाण्याने तो जागोजागी चिरलाय. सांदण, प्लस व्हॅली, कुंडलिकेची दरी, बोराट्याची नाळ, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट ही सगळी त्या चिरांचीच नावं. अरुंद, खोल चीर ती घळ, आणि धोंड्यांनी भरलेली उभी उतरण ती नाळ. ओळखीचे किल्ले करून झाले की पुण्यातल्या ट्रेकर मंडळींचा मोर्चा हमखास इकडे वळतो, आणि नेमकी इथेच किल्ल्यांची सवय अंगाशी येते. किल्ल्यावर वाट चुकली, दम लागला, ढग भरून आले, तर बहुतेक वेळा आल्या वाटेने उतरता येतं. घळीत दोन्ही बाजूंना कातळ असतो, मागे उतरून आलेला कडा असतो, आणि पाणी आलंच तर ते तुमच्या वाटेनेच येणार, कारण वाट मुळात त्याची. म्हणून बेत आखताना किती किलोमीटर आणि किती अवघड हे नंतर विचारा. आधी दोन गोष्टी शोधा: पाणी कुठून येईल, आणि आपण कुठून बाहेर पडू.

ऋतू

पावसाळ्यात घळीत उतरायचं नाही. ‘थोडाच पाऊस आहे’, ‘पुण्यात तर ऊन पडलंय’ हे बोलणं इथे चालत नाही. २५ जुलै २०२४ ला संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात अख्ख्या वर्षाची सरासरी सातशे-साडेसातशेच्या घरात आहे, म्हणजे शहराचा बराचसा पावसाळा तिथे एका दिवसात कोसळला. त्याआधी ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी बघता बघता वाढलं आणि मधल्या खडकावर उभं राहिलेल्यांना काठापर्यंत यायला वाट उरली नाही. ती जागा म्हणजे काही अवघड घळही नव्हती.

घळींचा खरा मोसम दिवाळीनंतर सुरू होतो आणि फेब्रुवारीअखेर संपतो. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाट करत येतो, त्यामुळे दसऱ्याच्या सुट्टीतला बेत जरा लांबवलेला बरा. डिसेंबर-जानेवारी सर्वांत उत्तम: कुंडांत पाणी असतं, कातळ बऱ्यापैकी सुकलेला असतो, आणि दुपारीही उकडत नाही. मार्चनंतर पाणी आटतं, उघड्या नाळेत ऊन भाजून काढतं. एप्रिल-मेमध्ये अवकाळीचा भरवसा नाही.

हवामान खात्याचा अंदाज बघताना ‘पुणे’ एवढंच बघून थांबू नका. जिल्ह्यातल्या घाट भागाचा इशारा वेगळा दिलेला असतो आणि आपल्याला तोच लागतो. यलो अलर्ट दिसला तरी घळ रद्द करा. किल्ला करा, नाहीतर घरी भजी तळा.

मग पावसाळ्यात करायचं काय? घळी वरून बघायच्या. ताम्हिणी घाटातल्या पिंपरी गावाजवळच्या इंडिपेंडन्स पॉइंटवरून कुंडलिकेची दरी जुलै-ऑगस्टमध्ये जशी दिसते तशी हिवाळ्यात दिसत नाही. ढग सरकला की समोरच्या कड्यावरून धबधबे सुटलेले दिसतात, पुन्हा ढग आला की दहा फुटांपलीकडे काही नाही. लोणावळ्याचा राजमाची पॉइंट आणि टायगर पॉइंटही याच कामाचे. मात्र जिल्हा प्रशासन दर पावसाळ्यात यातल्या काही जागांवर बंदी किंवा वेळेचे निर्बंध घालतं. निघायच्या आदल्या दिवशी बातम्या बघा.

कुठली घळ आधी करायची

सोशल मीडियावरची रिळं बघून पहिल्याच झटक्यात सांदण पूर्ण उतरायला निघणारे पुष्कळ असतात. माझं मत विचाराल तर पायऱ्या गाळू नयेत.

सुरुवात निघोजपासून करा. शिरूरहून पुढे, पुण्यापासून नव्वदेक किलोमीटरवर कुकडी नदीने काळ्या बेसाल्टात रांजणखळगे कोरलेत. एका काठाला पारनेर तालुक्यातलं निघोज, दुसऱ्या काठाला शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, आणि काठावर मळगंगा देवीचं देऊळ. इथे चढ-उतार नाही, दोर नाही, लहान मुलंही येऊ शकतात. पण पाणी दगड कसा कापतं ते इतकं उघड्यावर दुसरीकडे दिसत नाही. खडकातल्या छोट्या खोलगटीत गोटा अडकतो, भोवरा त्याला गरगर फिरवतो, गोटा खालचा खडक घासत जातो आणि खोलगटीचा रांजण होतो. शेजारशेजारचे रांजण भिंत झिजून एकमेकांत मिसळले की त्यांची अरुंद नाळ बनते. पुढे प्रत्येक घळीत तुम्हाला हेच दिसणार आहे, फक्त उभं आणि शंभरपट मोठं. खळग्यांच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या असतात, ओल्या कडेवर पाय ठेवू नका. कुकडीवर वर धरणं आहेत, तेव्हा नदीत पाणी सोडलंय का हे गावात विचारूनच खडकावर उतरा.

दुसरी पायरी नाणेघाट. जुन्नरच्या पुढे, पुण्याहून साधारण १२० किलोमीटर. ही दोन डोंगरांमधली फरसबंद खिंड आणि तिथून कोकणात उतरणारी नाळ. सातवाहनांच्या काळात जुन्नर आणि कल्याणमधली व्यापारी वाहतूक इथूनच चाले. गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, खिंडीच्या तोंडाशी जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आहे. नाळेत थोडं खाली उतरून परत वर या. मोठ्या धोंड्यांवरून उतरताना गुडघे काय म्हणतात, ओझं कुठे ओढतं, बूट कुठे सरकतो हे तासाभरात कळतं.

मग प्लस व्हॅलीचा वरचा भाग. चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी असं करत डोंगरवाडीपर्यंत पासष्ट-सत्तर किलोमीटर. दोन दऱ्या एकमेकींना छेदतात आणि वरून अधिकच्या चिन्हासारख्या दिसतात म्हणून हे नाव. रस्त्यावरून रानातली उतरण थेट धोंड्यांच्या ओढ्यात नेऊन सोडते आणि पुढे कुंडं लागतात. पहिल्या मोठ्या कुंडापर्यंत जाऊन परत फिरायचं. त्याच्या खाली देवकुंड धबधब्याकडे जाणारा टप्पा दोरांचा आहे, तो वेगळा विषय. इथे लोक एकच हिशेब चुकवतात: उतरायला लागलेला वेळ परतीलाही धरतात. परतीचा चढ उभा आहे आणि तो दिवसाच्या शेवटी येतो. उतरायला एक तास लागला असेल तर चढायला दोन धरा.

सांदण त्याच्या पुढची. बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ आणि नळीची वाट ही पाचवी पायरी. तिथे वाट दाखवणारा अनुभवी माणूस सोबत असल्याशिवाय जाऊ नये.

नकाशा वरून खाली वाचा

हे काम घरी, शुक्रवारच्या आत करायचं. उपग्रह चित्र आणि समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा शेजारी शेजारी उघडा. घळीच्या तोंडापासून मागे, म्हणजे चढाच्या दिशेने जा आणि तिच्यात कुठकुठले ओढे येऊन मिळतात ते बघा. सगळ्या ओढ्यांच्या मागची जमीन मनात एकत्र केली की घळीचं पाणलोट क्षेत्र कळतं. मागे मोठं पठार असेल, तर पठाराच्या पलीकडच्या टोकाला पडलेला पाऊसही तुमच्या पायाशी येणार, तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी. मागे बंधारा किंवा धरण असेल तर त्याचीही चौकशी हवी.

नंतर बाहेर पडायच्या जागा शोधा. समोच्च रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तिथे कडा आहे, तिथून सुटका नाही. रेषा जरा फाकलेल्या दिसल्या, रान खाली घळीपर्यंत उतरलेलं दिसलं, तर तिथे काठावर चढता येण्याची शक्यता असते. अशा जागा नकाशावर खुणेने टिपून ठेवा आणि त्यांच्या मधल्या अंतरांना वेळ लावा. जिथे तासभर बाजूला चढायला जागाच नाही, तो टप्पा सकाळी आणि न रेंगाळता पार करायचा.

सह्याद्रीचा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर. कठीण थराखाली मऊ, सच्छिद्र थर आला की खालचा आधी झिजतो आणि वरचा ओठासारखा पुढे राहतो. धबधब्यांच्या पायऱ्या आणि त्यांच्या तळाची कुंडं अशीच तयार होतात. नकाशावर एक पायरी दिसली की तिच्या खाली कुंड असणार असं धरून चाला.

अरुंद जागेत अडकणं म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर उंबरखिंड बघून या. फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कुरवंडे घाटाखालच्या रानात गाठली. फौज मोठी होती, पण खिंडीत पसरायला जागा नव्हती, पुढे-मागे वाटा बंद आणि माथ्यावर मावळे. खानाला शरण यावं लागलं.

परवानगी आणि गावातला माणूस

सांदण कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते, ताम्हिणीचा बराचसा भागही अभयारण्य आहे. वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरा, पावती जपा. चूल पेटवणं, स्पीकर लावणं, बाटल्या फोडणं या गोष्टी तिथे गुन्ह्यात मोडतात.

एखाद्या ग्रुपबरोबर जात असाल तर पैसे भरण्याआधी नोंदणीचं विचारा. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. सोबत किती लीडर, दोराचं सामान कुणाचं, प्रथमोपचार कुणाला येतो हेही विचारा. साठ-सत्तर जणांची बस भरून घळीत नेणाऱ्यांबरोबर जाऊ नका. एकेका दोरावर तेवढी माणसं उतरेपर्यंत अंधार पडतो.

आणि स्वतःचे स्वतः जात असाल तर गावातला वाटाड्या घ्या. सांदणच्या तोंडाशी असलेल्या साम्रद गावात घरोघरी जेवणाची, मुक्कामाची सोय होते. आदल्या दिवशी फोन करून किती माणसं ते सांगितलं की पिठलं-भाकरी तयार मिळते. सकाळी निघताना वाटाड्या मामांना एवढंच विचारा: “मामा, पाणी कुठवर आहे?” उत्तर हाताने मिळतं, गुडघ्यावर, कमरेवर किंवा छातीवर हात ठेवून. इंटरनेटवरच्या कुठल्याही माहितीपेक्षा ते ताजं असतं. उत्तर छातीवर असेल आणि ग्रुपमध्ये पोहता न येणारे असतील, तर तिथूनच परत फिरा.

सॅकमध्ये काय

बुटांवर पैसे खर्च करा, बाकी सगळं जुनंपानं चालतं. तळव्याचं रबर मऊ आणि खाचा खोल हव्यात. जॉगिंगचे गुबगुबीत बूट ओल्या कातळावर घात करतात. सँडल नको, धोंड्यांच्या फटीत बोटं अडकतात. हेडटॉर्च प्रत्येकाची वेगळी, मोबाइलची बॅटरी धरलीत तर एक हात गेला. मोज्यांचा सुका जोड, एक सुका टी-शर्ट आणि फोन हे सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मग सॅकमध्ये. जीन्स घालू नका, भिजली की वजन होते आणि वाळत नाही. तीन लिटर पाणी, इलेक्ट्रॉलच्या पुड्या, शेंगदाण्याची चिक्की, क्रेप बँडेज, शिट्टी. पाण्याची खोली तपासायला एक काठी. हेल्मेट सांदणपासून पुढे सक्तीचं समजा.

सांदण, जवळून

पुण्याहून साम्रद दोनशेच्या आसपास किलोमीटर. आळेफाटा, बोटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर, शेंडी, आणि मग भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेकडेने साम्रद. शुक्रवारी रात्री निघत असाल तर चाकणच्या गर्दीसाठी एक तास जादा धरा. रात्रभर गाडी चालवणाऱ्याने सकाळी दरीत उतरू नये, त्याला गावात झोपू द्या किंवा दुसरा ड्रायव्हर घ्या.

गावातून दरीच्या तोंडापर्यंतची वाट सोपी आहे. शेतं, थोडं रान, आणि जमीन एकदम फाटल्यासारखी दिसते. आत शिरलं की भिंती उंच होत जातात, दोन-तीनशे फूट, आणि काही ठिकाणी मधली फट इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडे कातळ लागेल असं वाटतं. ऊन तळाला फक्त भर दुपारी आणि थोडाच वेळ येतं. त्यामुळे डिसेंबरात सकाळी आठला आत गेलात तर पाणी हाडं गोठवतं. नऊ-साडेनऊला शिरणं जास्त शहाणपणाचं.

लवकरच पहिलं पाणी लागतं, पुढे दुसरं, आणि दुसरं जास्त खोल. पाण्यात उतरताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, खांद्याचे पट्टे सैल करा, म्हणजे पाय घसरलाच तर सॅक झटकून टाकता येते. पाण्याखाली धोंडे आहेत आणि ते शेवाळलेले आहेत. पाऊल उचलून टाकू नका, तळाशी सरकवत न्या. भिंतीला एक हात ठेवा. काठी पुढे टेकवल्याशिवाय वजन पुढे नाही. आधी एक जण पलीकडे जातो, मग बाकीच्यांच्या सॅक हातोहात जातात, मग माणसं. बाहेर आल्यावर मोजे पिळा आणि चालत राहा. थांबलात तर कुडकुडायला लागाल.

त्यापुढचा सगळा खेळ धोंड्यांचा. मोटारीएवढे, खोलीएवढे दगड एकमेकांत अडकून पडलेत. उड्या मारत जायचा मोह होतो, तो आवरा. बसून, हात टेकून, पाय खाली सोडून उतरा. पँट मागून फाटते, फाटू द्या. दगडावर वजन टाकण्याआधी पायाने ढकलून बघा, मोठा धोंडाही कधीकधी हलतो.

बहुतेकांनी इथे काही अंतर जाऊन, जेवून, दुपारी एक-दीडला परत फिरावं. दरी तेवढ्यातही पुरेपूर दिसते. तळात दुपारी चार-साडेचारलाच अंधारतं, आणि परतीला तीच दोन पाणी पुन्हा पार करायची असतात.

दोर सुरू झाला की

पूर्ण सांदण उतरून खालच्या डेहणे गावाकडे जायचं असेल तर वाटेत कड्याचे टप्पे दोरावर उतरावे लागतात. इथला सगळ्यात महत्त्वाचा क्षण पहिला टप्पा उतरणं हा नसून दोर खाली खेचून घेणं हा आहे. दोर खेचला की परतीची वाट बंद. म्हणून खेचण्याआधी थांबा. किती वाजले, किती जण दमले, कुणाच्या पायाला लागलंय, पुढच्या टप्प्यांना दोर पुरतो का, हे मोठ्याने बोलून घ्या. दुपारचे दोन वाजून गेले असतील तर दोर तसाच ठेवून सगळ्यांना वर घ्यायचा निर्णय लाजिरवाणा नाही.

उतरणाऱ्याने स्वतः बघायच्या गोष्टी मोजक्या. हार्नेसचा (कमरेला बांधायच्या पट्ट्यांचा) पट्टा बकलमधून उलटा परत घेतलाय का. कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं) लॉक फिरवून बंद आहे का. मोकळे केस, ओढणी, कॅमेऱ्याचा पट्टा आत खोचलाय का, कारण डिसेंडरमध्ये (दोरावरून उतरताना वेग आवरणाऱ्या साधनात) अडकला तर हवेत लटकून राहावं लागतं. दोर एकाच खिळ्याला किंवा एकाच झाडाला बांधलेला दिसला तर लीडरला विचारा, दोन स्वतंत्र आधार हवेत. खालचा माणूस दोराचं टोक हातात धरून वर बघत उभा असतो. वरच्याचा हात सुटला की त्याने दोर ताणायचा, उतरणारा जागच्या जागी थांबतो. त्या माणसाने त्या वेळात मोबाइलवर व्हिडिओ काढायचा नसतो.

खालून डेहणेमार्गे आसनगाव स्टेशन गाठता येतं. गाडी साम्रदला राहिली असेल तर तिची सोय आधीच लावा.

नाळेतला दगड, कड्यावरचं मोहोळ

नाळेत पाण्यापेक्षा घसारा छळतो. सुटे दगड इतके की एकाने पाय टाकला तरी चार निघतात. एकाखाली एक असे रांगेत उतरू नका. एक तर अगदी चिकटून चाला, म्हणजे सुटलेल्या दगडाला वेग येण्याआधी तो पुढच्याच्या पायाशी थांबेल, नाहीतर एकेकाने उतरून आडोशाला उभं राहा. दगड सुटला की ‘दगड!’ म्हणून ओरडायचं, आणि खालच्याने वर बघायचं नाही, भिंतीला चिकटायचं. आधाराला कारवीच्या झुडपाची काठी धरताना ओली आहे की वाळकी ते बघा, वाळकी हातात येते. फांदी धरण्याआधीही नजर टाका: ओढ्याकाठच्या हिरव्या फांदीवर हिरवा चापडा साप निवांत बसलेला असतो आणि विषारी असतो.

कड्यांवर आग्या मोहोळं लटकलेली असतात. धूर, उग्र सेंट आणि आरडाओरडा या तिन्ही गोष्टींनी मधमाश्या उठतात. मोहोळ दिसलं की गप्प बसून, एकेकाने, पटापट पुढे सरका. माश्या उठल्याच तर हात झाडत बसू नका. तोंड-डोकं टॉवेलने झाका आणि ती जागा सोडा. पण पळताना पायाखाली कडा आहे हे विसरू नका. खूप डंख झाले असतील किंवा ओठ-जीभ सुजायला लागली, श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर तो माणूस ताबडतोब दवाखान्यात गेला पाहिजे.

कुंडात उडी कुणीही मारू नये, कितीही पोहता येत असलं तरी. पांढऱ्या फेसाच्या पाण्यात हवा मिसळलेली असते, ते शरीराला नीट उचलत नाही, आणि तळाचा दगड वरून दिसत नाही.

काही बिनसलं तर

घळीत रेंज नसते. म्हणून पुण्यातल्या घरी एका माणसाकडे कागदावर लिहून द्या: कुठली घळ, कुठून शिरणार, कुठून निघणार, वाटाड्याचा नंबर, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर हालचाल करायची. ही वेळ ठरवताना दोन तास सैल ठेवा, नाहीतर चहाला थांबलात तरी घरचे पोलीस चौकीत जातील.

पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत यायला लागला किंवा पाण्याचा आवाज बदलला, तर सॅक उचलायला थांबू नका. बाजूला आणि वर चढा. ओढा ओलांडून पलीकडच्या ‘सोप्या’ काठाकडे जायचं नाही, ज्या काठाला आहात तिथेच उंची घ्या. पाणी ओसरायला वेळ लागतो, पण ओसरतं.

कुणाचा पाय मोडला तर जखमीसोबत किमान एक जण थांबतो आणि दोघे बाहेर जातात, एकटा कुणीच नाही. शिट्टी मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा. भिंतींमुळे आवाज घुमतो आणि दिशा कळत नाही, तेव्हा शोधायला येणाऱ्यांना टॉर्चचा उजेडही दाखवा. रेंज मिळताच आधी गावातला वाटाड्या, मग ११२. रुग्णवाहिकेसाठी १०८. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा नंबर पुण्यातून निघण्याआधीच फोनमध्ये घालून ठेवा. लोणावळा भागात शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाची माणसं अशा कामाला धावून जातात. फोनवर पहिल्या वाक्यात जागा सांगा, दुसऱ्यात जखमीची अवस्था, तिसऱ्यात तुम्ही किती जण आहात. त्यानंतर फोन बंद करून बॅटरी वाचवा, पण दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं चालू करा.